मदत हवी आहे: मटणावरचं मक्याचं झाकण वर जळतं, खाली कच्चं राहतं (रविवारच्या आत)

मरोळकर | बुधवार, रात्री 11:52

दोनदा केलं, दोनदा फसलं. वर कोळसा, खाली खळ. चमचा घातला की वरचा पापुद्रा भाजलेल्या पापडासारखा कडकन मोडतो आणि त्याखालून पिवळा चिखल वर येतो. तो रश्श्यात मिसळला की सगळ्याचीच पिठल्यासारखी अवस्था.

रस्सा उत्तम होतो. बोनलेस, मोठ्याचं, गाजर-बटाटा-टोमॅटो घालून. तेव्हा कृपा करून मटण कसं शिजवायचं ते कुणी सांगू नका, ते येतं. फक्त वरच्या मक्याच्या पावाचं सांगा. रेसिपी नेटवरची आहे, एका अमेरिकन बाईची. जशीच्या तशी केली, काहीही बदललेलं नाही.

घाई यासाठी की रविवारी डॅडींना 75 पूर्ण होतायत. सौदीत अमेरिकन कंपनीच्या कँपात 19 वर्षं काढली त्यांनी. तिथल्या मेसमध्ये दर गुरुवारी रात्री हे असायचं. केक आणू का विचारलं तर नको म्हणाले. "ते मक्याचं झाकण असलेलं मटण कर." आता माझ्याकडे एकच शनिवार आहे.

कुर्ल्याची_सुगरण | बुधवार, रात्री 11:58

पीठ कुठलं? पांढरं की पिवळं? ओव्हन कुठला? भांडं केवढं? थर किती जाड? अंडं घातलं का? यातलं एकही न सांगता "काहीही बदललेलं नाही" म्हणजे डॉक्टरसमोर बसून नुसतं "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं.

माझा अंदाज सांगते. दुकानात "कॉर्नफ्लॉवर" मागितलंत आणि त्याने पांढरी भुकटी दिली. ती मंचाव सूप घट्ट करायची. तो नुसता स्टार्च असतो, त्याचा पाव सात जन्मांत होणार नाही. खळच होणार.

मीठभाकर | गुरुवार, सकाळी 6:10

मक्याचं पीठ घरात आहे, मटण झालेलं आहे. मग भाकऱ्या थापा की. कशाला ओव्हनच्या नादी लागायचं? भाकरी जमत नसेल तर खालून सहा पाव आणा. मटण आणि पाव, विषय संपला.

मरोळकर | गुरुवार, सकाळी 8:31

@सुगरण, पीठ पिवळं. मके आणून चक्कीवर दळून घेतलं. ओव्हन साधा. भांडं चौकोनी. थर रेसिपीत होता तेवढाच. अंडं हो.

@मीठभाकर, डॅडींनी पाव मागितला असता तर हा धागा काढला नसता.

(ट्रेनमधून लिहितोय, चुका असतील.)

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, सकाळी 9:05

"ओव्हन साधा" म्हणजे काय? मायक्रोवेव्ह? कन्व्हेक्शन? ओटीजी? गॅसवर ठेवायचा जुना पत्र्याचा तंदूर?

पिठाबद्दल मात्र शब्द मागे घेते. तरी चक्कीचं पीठ भाकरीसाठी बारीक दळलेलं असतं. कॉर्नब्रेडला रवाळ लागतं. मक्याचा रवा मिळतो सुट्टा, मोठ्या वाण्याकडे विचारा. तोच छान पाकिटात घालून पोलेंटा नावाने चौपट भावात विकतात. पीठ निम्मं, रवा निम्मा घ्या.

तळटीप | गुरुवार, सकाळी 10:40

एक मूलभूत गोष्ट कुणीच विचारात घेतलेली नाही. मूळ पदार्थ बीफचा आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्यापासून आहेच, 2015 च्या दुरुस्तीने त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस आणि रेडा त्यात येत नाहीत. म्हणजे धागाकर्त्याला मुंबईत जे "मोठ्याचं" मिळतं ते रेड्याचं किंवा म्हशीचं. पुढे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने…

पॉपकॉर्नवाला | गुरुवार, सकाळी 10:44

मक्याचाच धागा आहे तेव्हा पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, सकाळी 10:52

तळटीप, पाककृतीचा धागा आहे हो. त्याचं काश्मीर करू नका.

तळटीप | गुरुवार, सकाळी 11:15

मुद्दा पाककृतीचाच होता, पूर्ण वाचायच्या आत प्रतिसाद आले. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, रंग गडद असतो आणि शिजायला वेळ लागतो. अमेरिकन रेसिपी चरबीदार मांस धरून लिहिलेली असते, ते दोन-तीन तास मंद शिजलं की रस्सा आपोआप दाट होतो. आपल्याकडे तोच रस्सा पाण्यासारखा राहण्याची शक्यता जास्त. पातळ रश्श्यावर पीठ ओतलं तर ते पाणी पिणार, दुसरं काय करणार? बघा, कायद्यावरूनच उत्तरापर्यंत आलो.

मरोळकर | गुरुवार, सकाळी 11:40

मटणाचं सांगू नका असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

बाटलीबंद | गुरुवार, दुपारी 1:20

मरोळ आणि "डॅडी" वाचलं आणि ओळखलं, गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती दिसताय, आमच्यातलेच. मग मला आधी एवढं सांगा, त्या रश्श्यात बाटली मसाला घातलात की नाही? नसेल घातला तर वरचं झाकण सोन्याचं लावलं तरी उपयोग नाही.

आमच्या गोराईला अजून मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडतात. मसाला कुटणाऱ्या बायका यायच्या तेव्हा आम्हा पोरांना शिंका देत घराबाहेर पळावं लागायचं. नंतर तो मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी काठीने ठासून भरायचा. आई बाटलीचं तोंड जमिनीवर आपटून बघायची. आतून एक कणही पडला नाही तरच बूच. पावसाच्या आत सगळं उरकायचं. आता माझी बहीण काचेच्या बरणीत भरते आणि तरी त्याला बाटली मसालाच म्हणते.

आपली मटणाची मोइली करतो तसं करा: कांदा भरपूर, व्हिनेगर थोडं, मसाला दोन चमचे. अमेरिकन लोकांना हे माहीत नाही म्हणून त्यांना वर मक्याचं झाकण लावावं लागतं.

अटलांटाकर | गुरुवार, दुपारी 3:02

इथे पहाटेचे साडेपाच वाजलेत, पण राहवेना. 11 वर्षं जॉर्जियात राहतोय, शेजारच्या आजींकडून कॉर्नब्रेड शिकलोय. दोन गोष्टी पक्क्या. एक, साखर नाही. दक्षिणेत कॉर्नब्रेडमध्ये साखर घातली तर तोंडावर म्हणतात, "मग केकच म्हण ना." दोन, मैदा नाही. नुसतं रवाळ पीठ, बटरमिल्क, अंडं, सोडा, मीठ. बिडाचा तवा आधी तापवायचा, त्यात चरबी वितळवायची आणि मग ओतायचं. ओतताना चर्र आवाज आला नाही तर समजा फुकट.

तुमच्या त्या बाईच्या रेसिपीत मैदा-साखर असणार. उत्तरेकडची असेल.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, दुपारी 3:30

नुसत्या मक्याच्या पिठाला चिकटपणा कुठला? मक्यात ग्लूटेन नसतं. तुमच्या आजींचा बिडाचा तवा खालून धगधगतो म्हणून तिथे धरतं. इथे खाली ओला रस्सा आहे. मैदा घातला नाही तर झाकण कसलं, उपमा होईल. मी दोन भाग मका आणि एक भाग मैदा घालते, आणि चमचाभर साखर. वर रंग चांगला येतो.

अटलांटाकर | गुरुवार, दुपारी 3:41

तो केक झाला.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, दुपारी 3:43

होऊ दे. वाढदिवसच आहे.

शुद्ध_शाकाहारी_नमिता | गुरुवार, संध्याकाळी 5:15

खूप छान धागा! मी हेच सोया चंक्स वापरून बिनअंड्याचं करते. कुकरमध्ये तळाला मीठ पसरायचं, शिट्टी आणि रिंग काढायची, जाळीवर भांडं ठेवायचं. अंड्याऐवजी दही. मुलांना कळतसुद्धा नाही की मटण नाही!

मरोळकर | गुरुवार, संध्याकाळी 5:20

ताई, डॅडींना कळेल.

अटलांटाकर | गुरुवार, संध्याकाळी 5:48

एक राहिलं. बटरमिल्क म्हणून काय घातलंत?

मरोळकर | गुरुवार, संध्याकाळी 6:30

ताक. घरचं. एक कप लिहिलं होतं, एक कप घातलं.

अटलांटाकर | गुरुवार, संध्याकाळी 6:42

घ्या! दुकानातलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. इथलं बटरमिल्क दाट असतं, पेल्यातून ओतलं की आतल्या कडेला थर राहतो. आपलं घरचं ताक म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. पाऊण कप दही, पाव कप दूध किंवा पाणी, घुसळून घ्या. तेच तुमचं बटरमिल्क.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, संध्याकाळी 6:50

हे मात्र बरोबर बोलले. ताक घातलं म्हणजे पाणीच घातलं.

फ्यूज_उडाला | गुरुवार, रात्री 9:12

स्वयंपाकातलं मला कळत नाही, पण 30 वर्षं मिक्सर, गीझर, ओव्हन दुरुस्त केलेत. वर जळतंय आणि खाली कच्चं आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न पिठाचा नसतो, रॉडचा असतो. साधा ओव्हन म्हणजे ओटीजी ना? त्यात वरचा रॉड, खालचा रॉड, दोन्ही, असं निवडायचं बटण असतं. ते कशावर होतं? आणि तापमानाचा काटा कितीवर?

मरोळकर | गुरुवार, रात्री 9:40

ओटीजी, हो. रॉडचं बटण कधी हात लावून बघितलेलं नाही. टोस्ट करतो त्यावरच असतं.

काटा फुल्ल होता. रेसिपीत 375 लिहिलंय, माझ्या ओटीजीत 250 च्या पुढे आकडाच नाही. कमी पडणार हे माहीत होतं, म्हणून 25 मिनिटांऐवजी 45 ठेवलं.

फ्यूज_उडाला | गुरुवार, रात्री 9:41

बसा खाली.

अटलांटाकर | गुरुवार, रात्री 9:44

अहो दादा, 375 फॅरनहाइट!! 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. 190 सेल्सिअस येतं.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, रात्री 9:46

"जशीच्या तशी केली" म्हणे. 😄

पॉपकॉर्नवाला | गुरुवार, रात्री 9:47

पॉपकॉर्न संपले. दुसरं पाकीट फोडतोय.

मरोळकर | गुरुवार, रात्री 10:20

हसा. पण मग मला हे सांगा: 250 वर पाऊण तास ठेवलं तर खालीसुद्धा शिजायला हवं होतं. जळायला हवं होतं. खाली चिखल कसा?

फ्यूज_उडाला | गुरुवार, रात्री 10:33

प्रश्न बरोबर आहे. माझा तर्क: बटण नुसत्या वरच्या रॉडवर असणार. उद्या ओव्हन रिकामा चालू करा, दार उघडून बघा कुठला रॉड लाल होतो. बटणावरच्या चित्रावर जाऊ नका, जुन्या ओटीजीत ती पुसट झालेली असतात.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, रात्री 10:38

आणि रस्सा? पीठ ओतलंत तेव्हा रस्सा किती गरम होता?

मरोळकर | गुरुवार, रात्री 10:55

गरम कुठला, आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला होता. मटण दुसऱ्या दिवशी मुरतं. फ्रिजमधून काढला, चौकोनी डब्यात ओतला, वर पीठ. ओव्हनमध्ये गरम होणारच आहे ना.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, रात्री 11:02

सापडलं. आता लेक्चर देते, ऐकून घ्या.

कॉर्नब्रेड एकटा भाजला तर त्याला खालून तव्याची आच मिळते. इथे त्याच्या खाली तुमचा रस्सा आहे, म्हणजे रस्साच त्याचा तवा. थंड तव्यावर घावन घातलं तर काय होतं? तेच झालं. वरून रॉडने मारलं, दहा मिनिटांत वर कवच धरलं. खाली किलोभर गारठलेलं मटण बसलंय, ते तापेपर्यंत पिठाने रस्सा शोषून घेतला. त्यात ताकाचं पाणी होतंच. तुम्ही 45 काय, 60 मिनिटं ठेवलं असतं तरी वरचा कोळसा जाड झाला असता, इतकंच.

रस्सा गॅसवर उकळता हवा. बुडबुडे येत असतानाच पीठ घालायचं. आणि तळटीप यांचा राग राग केलात, पण ते बरोबर होते: रस्सा दाट हवा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ बुजली तर अजून आटवा. भांडं काचेचं घेणार असाल तर फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये अजिबात ठेवू नका, तडकेल.

तळटीप | गुरुवार, रात्री 11:10

नोंद घेतली गेली याबद्दल आभार. वर अर्धवट राहिलेलं पूर्ण करतो: 2016 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेलं मांस नुसतं बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

मरोळकर | गुरुवार, रात्री 11:14

बरं. आता एका किलो मटणाला वरच्या थराचं माप द्या. कप-चमच्यात. फॅरनहाइट नको.

कुर्ल्याची_सुगरण | गुरुवार, रात्री 11:31

नऊ इंची भांडं धरते. मक्याचा रवा अर्धा कप, तुमचं चक्कीचं पीठ अर्धा कप, मैदा अर्धा कप. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर एक मोठा चमचा (अटलांटाकर, डोळे मिटा). वेगळ्या भांड्यात एक अंडं, दही-दुधाचं ते घुसळलेलं एक कप, वितळलेलं लोणी तीन मोठे चमचे. ओव्हन 190 वर दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं आधी तापवा. रस्सा गॅसवर उकळवा. मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा, वीस वेळा ढवळलं की थांबा. सोडा दह्याला लागला की फसफसायला लागतो, तेव्हा मिश्रण करून फोनवर बोलत बसू नका.

भांडं काठापासून इंचभर रिकामं ठेवा, पीठ फुगतं. एका ठिकाणी ओतू नका, ते बुडेल. चमच्याचमच्याने कडेपासून आत लावत या. थर अर्ध्या इंचाच्या आसपास. खाली ताट ठेवा, रस्सा उतू जातोच. 25 मिनिटांनी काडी घाला, पण फक्त झाकणापर्यंत. रश्श्यापर्यंत घातलीत तर ओलीच निघणार आणि तुम्ही परत धागा काढणार.

अटलांटाकर | गुरुवार, रात्री 11:50

साखर वगळता सहमत. मैदाही कमी करता आला असता.

बाटलीबंद | शुक्रवार, सकाळी 7:15

आणि बाटली मसाला दोन चमचे. कुणी लिहीत नाही म्हणून परत लिहितोय.

मरोळकर | शनिवार, रात्री 8:25

ट्रायल केली, अर्ध्या मापाने. आधी रिकामा ओव्हन चालू करून बघितला. फ्यूज_उडाला बरोबर, वरचाच रॉड लाल होत होता. तीन वर्षं त्यात फक्त टोस्ट आणि चीज पाव केला, कधी कळलंच नाही.

रस्सा उकळता होता. पीठ लावताना चमच्याखाली बुडबुडे फुटत होते, बोटावर एक शिंतोडा आला. 27 मिनिटं लागली. वर सोनेरी, मधे एक भेग, कडेने रस्सा वर येऊन करपलेला. कापल्यावर तुकडा अख्खा उचलला गेला. रश्श्याला टेकलेला भाग ओलसर होता पण शिजलेला, ढोकळ्याच्या तळासारखा. बायकोने उभ्या उभ्या अर्धं संपवलं.

मक्याचा रवा तीन दुकानांत नव्हता, चौथ्यात मिळाला. मसाला घातला, बाटलीबंद. आमच्याकडे होताच, विचारायची गरज नव्हती.

शुद्ध_शाकाहारी_नमिता | शनिवार, रात्री 8:50

वा! अंड्याऐवजी दही घातलंत का?

कुर्ल्याची_सुगरण | रविवार, संध्याकाळी 7:05

झालं का? डॅडी काय म्हणाले? इतका जीव काढलात, आता रिपोर्ट द्या.

मरोळकर | रविवार, रात्री 10:48

झालं. कालच्यापेक्षा चांगलं झालं. भांडं टेबलावर आणलं तेव्हा डॅडींनी चष्मा लावला, चमच्याने झाकण एका बाजूने उचललं, खाली डोकावून बघितलं. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "दाणे नाही घातलेस?"

कसले दाणे?

"मक्याचे. पिठात अख्खे दाणे असायचे. आणि जरा गोड असायचं ते."

दोन महिने मागे लागून रेसिपी विचारत होतो, तेव्हा म्हणायचे, "साधंच असतं रे, मटण आणि वर मका."

कुर्ल्याची_सुगरण | रविवार, रात्री 10:53

माहिती न देण्याची सवय कुठून आली ते कळलं.

अटलांटाकर, "जरा गोड असायचं" हे वाचलंत ना?

अटलांटाकर | रविवार, रात्री 10:59

मेसचा कुक उत्तरेकडचा असणार.

मीठभाकर | रविवार, रात्री 11:04

खाल्लं ना पण त्यांनी पोटभर?

मरोळकर | रविवार, रात्री 11:20

दोनदा घेतलं. झाकण वेगळं काढून बशीत ठेवलं, संध्याकाळच्या उरलेल्या चहात बुडवून खाल्लं. खालचं मटण पावाबरोबर.

पाव मीच आणले होते, डझनभर. हे झाकण परत फसलं असतं तर म्हणून.

मीठभाकर | रविवार, रात्री 11:21

गुरुवारी सकाळी सहा दहाला काय लिहिलं होतं मी?